झाडाचा उलटा घसारा

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा पहिला नकाशा सभेत भिंतीवर लागला, तेव्हा फाटकाजवळचा कडुनिंब त्यात एका हिरव्या वर्तुळाच्या रूपाने हजर होता आणि वर्तुळाच्या आत ७ हा आकडा होता. आवारातल्या अकरा झाडांना १ ते ११ असे क्रमांक दिले होते आणि सोबतच्या तक्त्यात सातव्या ओळीत ‘कडुनिंब, अंदाजे वय ४५ वर्षे, काढणे, भरपाई ४५ रोपे’ असे लिहिले होते. सभेचा पाऊण वेळ वाहनतळावर आणि उरलेला चटईक्षेत्रावर गेला. झाडांचा तक्ता मिनिटभरात उलटला, कारण त्यात हरकत घेण्यासारखे कोणालाच काही दिसले नाही. एकाच्या बदल्यात पंचेचाळीस मिळत असतील तर तो व्यवहार तोट्याचा आहे असे म्हणायला उभे तरी कोण राहणार?

मी त्या ओळीपाशी अडकले, याचे कारण माझे निसर्गप्रेम नसून माझी नोकरी आहे. माझी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात गेली. यंत्र किती रुपयांचे, किती वर्षे चालेल, दर वर्षी त्याची किंमत किती उतरेल, म्हणजे घसारा किती, आणि शेवटी मोडीत किती येतील, एवढेच प्रश्न मी रोज सोडवत आले. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली. हिशेबाच्या तक्त्यात ज्या वस्तूला रकाना नसतो, ती वस्तू अमूल्य ठरत नाही, ती फुकट ठरते. ‘झाडाची किंमत पैशात कशी करणार?’ असे भावुक होऊन विचारणारी माणसे हे विसरतात की ती किंमत करून झालेलीच असते. आमच्या तक्त्यात ती पंचेचाळीस रोपे एवढी होती. एका रोपाचे रोपवाटिकेतले दर पाहिले, तर ती रक्कम मांडवाच्या एका दिवसाच्या भाड्याएवढीही भरली नसती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाड मोजायला खाली उतरले. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजतात. घरात शिवणाची टेप होती, पण ती १५० सेंटीमीटरची, झाडाला पुरली नाही. कुंपणाच्या भिंतीबाहेर, त्याच झाडाखाली बावीस वर्षे इस्त्रीची हातगाडी लावणारे दादा हे सगळे पाहत होते. त्यांनी ‘काकू, सदरा शिवताय का त्याला?’ असे विचारले आणि कपड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून दिली. सुतळीने घेर भरला २२० सेंटीमीटर, म्हणजे व्यास सुमारे ७०. उंचीसाठी काठी, काठीची सावली आणि शाळेतले त्रैराशिक वापरले, ती निघाली १४ मीटर. पसारा पावलांनी मोजला, तोही जवळपास १४ मीटरच, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग आमच्या भिंतीबाहेर रस्त्यावर होता. ही शेवटची नोंद मी तेव्हा सहज केली, पण पुढे सगळा हिशेब तिच्यापाशीच येऊन थांबला.

सर्वांत आधी कार्बनचा हिशेब केला, कारण तो सर्वांत रूढ आहे. उष्ण कटिबंधातल्या झाडाचे वजन झाड न तोडता काढण्यासाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यात खोडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता एवढेच घालावे लागते. हे सूत्र बसवण्यासाठी आधी ४,००४ झाडे तोडून, वाळवून त्यांचे वजन करावे लागले होते. न तोडता मोजण्याची कला तोडूनच शिकावी लागली, हे वाचून मी क्षणभर थबकले. कडुनिंबाच्या लाकडाची घनता ०.६९ धरली, मुळांसाठी सव्वीस टक्के वाढवले, तर वाळलेले वजन सुमारे ३.१ टन येते. त्याचा जेमतेम निम्मा भाग कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपात मोजायचा तर ३.६७ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ५.३ टन. पण हे सूत्र जंगलातल्या झाडांचे आहे. शहरात मोकळ्यावर वाढणारी आणि वेळोवेळी छाटली जाणारी झाडे तेवढी भरत नाहीत, म्हणून उत्तराला ०.८ ने गुणायची पद्धत अमेरिकी वनसंशोधकांनी घालून दिली आहे. मग राहतात ४.३ टन. हिशेबाच्या सोयीसाठी टनाला १,००० रुपये भाव धरला, तर पंचेचाळीस वर्षांच्या संसाराची किंमत झाली ४,३०० रुपये.

एवढ्यात आमच्या दिवाणखान्यातले दोन पंखे येतात. कार्बनवर भिस्त ठेवून शहरातले झाड वाचवू पाहणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावा. भाव पाचपट केला, तरी रक्कम एका मोटारीच्या पार्किंगसमोर टिकत नाही.

दुसऱ्या टोकाचे आकडेही आपल्याच देशात आहेत. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वेवरचे उड्डाणपूल बांधण्यासाठी ३५६ झाडे तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये सांगितले की झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावे आणि त्याला झाडाच्या वयाने गुणावे. या हिशेबाने आमचा क्रमांक सात ३३ लाख ५२ हजार ५०० रुपयांचा ठरतो. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, कलकत्ता विद्यापीठातले प्राध्यापक टी. एम. दास यांनी पन्नास वर्षे जगणाऱ्या झाडाचे मोल १५.७ लाख रुपये काढले होते, आणि त्यात लाकूड, फळे, फुले धरलेलीच नव्हती. अलीकडे, मार्च २०२५ मध्ये, मथुरा-वृंदावन परिसरात रातोरात तोडल्या गेलेल्या ४५४ झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दर झाडामागे १ लाख रुपये दंड कायम केला. थोडक्यात, मी एखाद्या खरेदीसाठी अशी निविदापत्रके मागवली असती, तर ४,३०० पासून ३३ लाखांपर्यंतची ती पाहून सगळीच परत पाठवली असती.

पण निविदा परत पाठवण्याआधी प्रत्येकाने आत काय धरले आहे ते पाहायचे असते. त्या ७४,५०० रुपयांपैकी ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आहेत आणि २०,००० खताचे. प्राणवायूचा हा रकाना मला पटत नाही. झाड प्राणवायू देते हे खरे, पण हवेत तो मुळातच २१ टक्के आहे आणि पुण्यातली सगळी झाडे उद्या नाहीशी झाली तरी श्वासाला तो कमी पडणार नाही. अमेरिकेतल्या शहरी झाडांच्या मोजमापाची पद्धत ज्यांनी घडवली त्या डेव्हिड नोवाक यांनीच २००७ मध्ये सहकाऱ्यांसह हिशेब मांडून सांगितले होते की शहरी झाडांच्या फायद्यांत प्राणवायू हा तुलनेने नगण्य फायदा आहे. भाव टंचाईला असतो. जी वस्तू आकाशभर पसरली आहे तिचा सिलिंडरच्या दराने हिशेब करून झाड महाग दाखवणे म्हणजे, हेतू कितीही चांगला असला तरी, खोटे व्हाउचर जोडणे आहे. आणि एक व्हाउचर खोटे निघाले की तपासनीस सगळ्या फाइलवरच शंका घेतो.

मग शहरात टंचाई कशाची आहे? चैत्र लागल्यावर दुपारी दोन वाजता आमच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

‘एक झाड म्हणजे दहा एसी’ असा एक मजकूर दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. तो मी तपासून पाहिला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. झाडाने दिवसाला १०० लिटर पाणी पानांवाटे सोडले असे धरले, तर त्यासाठी शोषलेली उष्णता ६८ युनिट होते. दीड टनाच्या एका एसीला तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकायला तेरा तास चालावे लागेल आणि वीज जळेल साधारण एकोणीस-वीस युनिट. तेव्हा दहा एसी नव्हे, पण एक एसी दिवसाचे तेरा तास म्हणायला हरकत नाही. दहा रुपये युनिट धरले तर रोजचे दोनशे रुपये, उन्हाळ्याच्या शंभर दिवसांचे वीस हजार. एका उन्हाळ्यातच झाड आपल्या जन्मभराच्या कार्बनच्या जवळपास पाचपट कमावते.

अर्थात यात दोन मोठे ‘जर’ आहेत. पहिला म्हणजे पाणी. बुंध्याला गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेल्या झाडाला एप्रिलमध्ये शंभर लिटर मिळणार कुठून? दुसरा म्हणजे रस्ता ही बंद खोली नाही, गार झालेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि मुंबईसारख्या दमट हवेत मुळात बाष्पीभवनच मंदावते. म्हणून वाफेचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला. शाईने लिहिण्यासारखा आकडा सावलीचा आहे. बंगळुरूत पर्यावरणशास्त्रज्ञ हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे असलेले आणि नसलेले रस्ते मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुपारच्या वेळी झाडे असलेल्या भागात हवेचे तापमान ५.६ अंशांपर्यंत कमी, आणि डांबराच्या पृष्ठभागाचे तापमान तब्बल २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. हवेचा फरक कधी जास्त कधी कमी असेल, पण पायाखालच्या डांबराचा आणि डोक्यावरच्या उन्हाचा फरक कोणत्याही वाऱ्याने वाहून जात नाही. उन्हात माणसाला जे भाजते त्यात तापलेल्या हवेइतकाच, किंबहुना अधिक, वाटा थेट किरणांचा आणि तापलेल्या पृष्ठभागांचा असतो.

कडुनिंबाचे वेळापत्रकही मोठे हिशेबी असते. माघ-फाल्गुनात तो पाने झाडतो, तेव्हा ऊन सुसह्य असते. पाडव्याला आपण खातो तो कोवळा पाला तोवर फुटलेला असतो, आणि वैशाखाच्या तोंडाशी छत भरून तयार होते. कारखान्यातल्या एकाही यंत्राने देखभालीची सुटी इतक्या सोयीच्या वेळी घेतल्याचे मला आठवत नाही.

त्या छताखाली कोण असते, हे पाहायला मी एक आठवडा दुपारी गॅलरीत बसले. इस्त्रीचे दादा तर असतातच, कोळशाच्या इस्त्रीसमोर. तीन आसनी रिक्षांचा थांबा खरे तर दहा पावले पुढे आहे, फलकही तिथेच आहे, पण रांग फलकाशी लागत नाही. ती सावलीत लागते आणि सावली सरकेल तशी सरकते. बारा वाजता पहिली रिक्षा आमच्या फाटकाशी असते, तीन वाजता ती शेजारच्या सोसायटीच्या भिंतीशी गेलेली असते. घरपोच सामान देणारी मुले दुचाकी तिथेच उभी करून फोनवर पुढच्या ऑर्डरची वाट पाहतात. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया पलीकडच्या निवाऱ्यात, पत्र्याखाली, उभ्या राहत नाहीत. ‘माणसे कशाला किती किंमत देतात हे त्यांच्या बोलण्यावरून नाही तर वागण्यावरून ओळखावे’ असे अर्थशास्त्र सांगते. त्या रस्त्यावर सावलीचा भाव रोज बारा ते चार असा उघडपणे ठरत होता, फक्त कोणी पैसे देत नव्हते.

आता जगातल्या मापन पद्धती या लोकांना कशा मोजतात ते पाहू. एक नावाजलेली पद्धत घरांच्या किमतींवरून झाडाचे मोल काढते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१० मध्ये अशा अभ्यासातून निघाले की रस्त्याकडेच्या झाडांमुळे घराच्या विक्रीच्या किमतीत सरासरी ८,८७० डॉलरची भर पडते. अभ्यास नेटका आहे आणि त्याच्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. पण ही पद्धत जिथे तिथे लावली तर झाडाचे मोल त्याच्या शेजारच्या माणसाच्या ऐपतीवर ठरते. पुण्याच्या प्रभात रस्त्यावरच्या वडाखाली कोट्यवधींचा बंगला असतो म्हणून तो महाग, आणि जनता वसाहतीतला पिंपळ, ज्याच्याखाली पत्र्याच्या खोल्यांतली माणसे दुपारभर बसतात, तो स्वस्त. वास्तविक, ज्याच्या घरात एसी आहे त्याला झाड हवे असते, आणि ज्याच्या घरावर पत्रा आहे त्याला ते लागते. या दोन क्रियापदांमधला फरक घराच्या किमतीत उतरत नाही. माझ्या आठवड्याभराच्या यादीतल्या एकाही माणसाचे आमच्या सोसायटीत घर नाही. घरांच्या किमतींवरून काढलेल्या हिशेबात त्यांची सावली शून्य भरते.

लंडनने २०१५ मध्ये आपल्या झाडांचा जो हिशेब मांडला तो मला हिशेबनीस म्हणून अधिक आवडला, कारण त्याने एकच आकडा सांगितला नाही. झाडे सुमारे ८४ लाख. हवा स्वच्छ करणे, कार्बन शोषणे, पावसाचे पाणी अडवणे असे त्यांचे मोजता येण्याजोगे वार्षिक फायदे सुमारे १३.३ कोटी पौंड. तीच झाडे नव्याने उभी करायची तर खर्च सुमारे ६.१ अब्ज पौंड. आणि माणसांना ती किती दिसतात, किती उपयोगी पडतात हे धरणाऱ्या कॅव्हॅट नावाच्या तिकडच्या पद्धतीने त्यांचे मोल ४३ अब्ज पौंड. त्याच पद्धतीने २००८ मध्ये बर्कली स्क्वेअरमधल्या एका प्लेन जातीच्या वृक्षाची किंमत साडेसात लाख पौंड ठरली होती. लंडनच्या हिशेबातले हे तीन आकडे परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही, ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. झाड वर्षाला काय कमावते, ते गेले तर परत उभे करायला काय लागेल, आणि ते ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांचे काय जाईल. आमच्या तक्त्यातल्या ‘४५ रोपे’ या नोंदीत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

आणि कॅव्हॅटमध्ये एक गोष्ट अशी आहे की जी मला आपल्याकडे यावीशी वाटते. तिची सुरुवात खोडाच्या आकारापासून होते, पण पुढे जाऊन ती विचारते की हे झाड आहे कुठे आणि भोवती माणसे किती आहेत. दाट वस्तीतल्या झाडाला अधिक भार मिळतो, बंगल्यांना नव्हे, माणसांना मोजून.

आपला कायदा काय मोजतो? महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात वयाला महत्त्व आले. पन्नास वर्षे व त्यावरील झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. एका झाडाच्या जागी एक-दोन काड्या रोवून मोकळे होण्यापेक्षा हे निःसंशय पुढचे पाऊल आहे. आमचा क्रमांक सात अजून पाच वर्षे थांबला असता तर वारसा झाला असता, ही आपली त्याच्या पत्रिकेतली गंमत. पण वयाचे गणितही शेवटी नगांचेच गणित राहते. मी मोजलेल्या चौदा मीटरच्या पसाऱ्याचे क्षेत्र १५४ चौरस मीटर होते. सहा-सात फुटी रोपाच्या शेंड्याचा पसारा साठ सेंटीमीटर धरला तर त्याचे क्षेत्र ०.२८ चौरस मीटर. पंचेचाळीस रोपांचे मिळून पावणेतेरा. म्हणजे भरपाईच्या पहिल्या दिवशी सावली एक-बारांश उरते, आणि तीही सगळी जगली तर. त्या दिवशी पूर्ण सावली हवी असेल तर साडेपाचशे रोपे लागतील. हवा गाळण्याचा हिशेब याहून कठोर आहे. शिकागोच्या अभ्यासात नोवाक यांना आढळले होते की ७७ सेंटीमीटरहून जाड, निरोगी झाड वर्षाला जेवढे प्रदूषण हवेतून काढते ते आठ सेंटीमीटरहून बारीक झाडाच्या सुमारे सत्तरपट असते.

रोपे वाढतील, हे मला मान्य आहे, आणि तिथेच यंत्र आणि झाड यांच्यातला फरक आहे. कारखान्यात मी आणलेले प्रत्येक यंत्र आणल्या दिवशी सर्वांत मोलाचे होते आणि तिथून पुढे दर वर्षी उतरत गेले. झाडाचा घसारा उलटा चालतो. लावल्या दिवशी त्याची किंमत खड्ड्याच्या मजुरीएवढी असते, पहिली दहा वर्षे ते नुसता खर्च मागते आणि तिशी ओलांडल्यावर खरी मिळकत सुरू होते. पंचेचाळीस वर्षांचे झाड देऊन पंचेचाळीस रोपे घेणारा हा ऐन कमाईतली मालमत्ता देऊन पंचेचाळीस कर्जे घेत असतो. आणि ही रोपे लागतात कुठे? आमच्या बाबतीत शहराबाहेरच्या एका टेकडीचे नाव पुढे आले होते. टेकडीवर झाडे असावीत, जरूर असावीत. पण तिथली सावली आमच्या रस्त्यावर पडणार नाही. कार्बनचे तसे नाही, तो पृथ्वीवर कुठेही शोषला तरी जमेला धरता येतो. सावलीला मात्र पत्ता असतो.

मुंबईच्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजार २८३ झाडे नोंदली गेली. असा आकडा जाहीर झाला की वर्तमानपत्रांत माणसी झाडे किती याचा भागाकार होतो. या भागाकारात वस्तीतला विस्तीर्ण पर्जन्यवृक्ष आणि कुंपणाकडेचा काटकुळा गिरिपुष्प दोघेही एकेकच. गणनेच्या नोंदींत घेर आणि उंची असतेही, पण मथळ्यात येते ती संख्या, आणि परवानग्याही संख्येच्याच भाषेत मागितल्या जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडे तोडली गेली, तेव्हाही वाद दोन्ही बाजूंनी आकड्यांतच झाला. किती तोडली विरुद्ध किती लावणार. किती चौरस मीटर छत गेले आणि कोणाच्या डोक्यावरचे, हे कोणी कोणाला विचारल्याचे मी वाचले नाही.

जमेची बाजू लिहिताना नावे म्हणजे खर्चाची बाजू वगळणे मला शिकवलेले नाही. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात याच कडुनिंबाची फांदी एका सभासदाच्या गाडीवर पडली आणि दुरुस्तीचे बिल सोसायटीने भरले. पानगळीत गच्चीच्या पन्हळी तुंबतात, एका मुळाने गटाराच्या चेंबरची भिंत फोडली आहे, आणि अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंची छते मिटली तर गाड्यांचा धूर खालीच अडकतो, हेही खरे आहे. न्यूयॉर्कने २००७ मध्ये आपल्या रस्त्यांकडेच्या ५ लाख ९२ हजार १३० झाडांचा हिशेब काढला तेव्हा फायदे वर्षाला १२.२ कोटी डॉलर भरले. पण त्यासमोर शहराचा झाडांवरचा खर्चही मांडला होता, आणि निष्कर्ष होता की खर्चाच्या एका डॉलरमागे ५.६० डॉलर परत येतात. खर्च लपवला नाही म्हणूनच तो आकडा खजिनदारासमोर उभा राहू शकला.

मी या धर्तीवर चार पानांचे टिपण तयार केले आणि पुढच्या सभेत वाचले. कार्बन ४,३०० हेही लिहिले, प्राणवायू शून्य हेही लिहिले, आणि १५४ चौरस मीटर सावली व तिच्याखालची माणसे यांचा स्वतंत्र रकाना केला, पण त्याच्यासमोर रक्कम लिहिली नाही. सचिवांनी टिपण शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, ह्यातला आपल्या सभासदांना मिळणारा भाग किती?’

प्रश्न कुत्सित नव्हता, बरोबर होता. झाड सोसायटीच्या मालकीचे, फांद्या पडल्या तर बिल सोसायटीचे, आणि मिळकत जाते भिंतीपलीकडे. झाड काढण्याच्या अर्जावर नोटीस झाडालाच चिकटवावी लागते, कायद्यात तशी तरतूद आहे. पण ती वाचून लेखी हरकत घ्यायला इस्त्रीवाले दादा किंवा रिक्षाचालक महापालिकेत जातील, असे त्या तरतुदीला बहुधा वाटत असावे. मी सचिवांना म्हटले की सभासदांचा भाग एक-तृतीयांश असेल. त्यांनी तो इतिवृत्तात लिहून घेतला. मग वास्तुविशारदांनी, कदाचित माझ्या वयाकडे पाहून, झाडाच्या जागी येणारा वाहनतळाचा रॅम्प चार मीटर सरकवता येईल का ते तपासतो असे सांगितले.

मोल मोजले म्हणून झाड वाचते, अशी माझी समजूत नाही. जेसोर रोडच्या झाडांना वर्षाला ७४,५०० रुपयांचे प्रमाणपत्र मिळूनही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली तीनशेहून अधिक झाडे तोडायला परवानगी दिली, कारण दुसऱ्या पारड्यात रेल्वे फाटकांवरच्या अपघातांतली माणसे होती. तराजूचे काम एवढेच असते की दोन्ही पारड्यांत काय आहे ते दिसावे. तो निर्णय तरी डोळे उघडे ठेवून झाला. आमच्या पहिल्या सभेत एक पारडे रिकामे आहे हेच कोणाला दिसले नव्हते.

रॅम्पचा नकाशा अजून आलेला नाही. पुनर्विकासाची फाइल कुठल्याशा टेबलावर आहे आणि कडुनिंब जिथे होता तिथे आहे. मधल्या काळात वर्ष उलटले म्हणून गेल्या रविवारी मी पुन्हा सुतळी मागितली. घेर भरला दोनशेवर साडेबावीस, म्हणजे २२२.५ सेंटीमीटर. ‘किती वाढलं?’ दादांनी विचारले. ‘अडीच सेंटीमीटर,’ मी म्हटले आणि तिथेच, त्यांच्या गाडीच्या कडेवर कागद ठेवून, सूत्रात आकडा घातला. वर्षभरात शोषलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ९५ किलो, टनाला हजार रुपयांनी पंचाण्णव रुपये. दादांनी पाण्याचा हबका मारून पुढचा शर्ट पसरला. त्यांच्याकडे शर्टाचा दर आठ रुपये आहे. झाडाची वर्षाची कमाई म्हणजे जवळपास बारा शर्ट, आणि ते त्यांचे दुपारपर्यंत झाले होते.